कोंबडं नीट झाकावं कसं

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपले पूर्वज सांगून गेले. त्यांचा अनुभव दांडगा होता हे मान्य. पण त्यांच्या टोपल्या लहान असाव्यात, अशी मला दाट शंका आहे. शिवाय त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. आपल्याकडे आहे, तेव्हा एवढ्यात हार मानायचं कारण नाही.

निमित्त तुम्हाला ठाऊक आहेच: रुग्णालयातली तपासणीच भीती पसरवते, ती बंद करा, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी उभा आहे. ताप, खोकला आणि धाप घेऊन दाखल झालेल्यांची बर्ड फ्लूसाठी तपासणी सुरू, अशी बातमी सकाळी येते आणि दुपारची झोप उडवून जाते. घाबरायचं तर आहेच, पण शिस्तीत घाबरा. विषाणूला घाबरू नका. तो दिसत नाही, त्याला फोन लावून जाब विचारता येत नाही. रुग्णालय दिसतं, त्याला पत्ता आहे, दारावर रखवालदार आहे. तेव्हा रुग्णालयाला घाबरा. कालपर्यंत तपासणी नव्हती, रोगही नव्हता. आज तपासणी आली आणि मागोमाग रोग आला. यात आणखी सिद्ध काय करायचं? घरात वजनकाटा येईपर्यंत माझंही वजन वाढलेलं नव्हतं.

मग शब्दांकडे वळा. ‘सर्वेक्षण’ हा शब्द फार बेचव आहे, त्याऐवजी ‘पाळत’ म्हणा. पाळत म्हटलं की झाडाआड उभा राहिलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. त्याच्या जोडीला ‘संशयित’ हा शब्द तर आरोग्य खात्यानं स्वतःच फुकट पुरवलेला आहे. संशयित म्हणजे ज्यानं काहीतरी केलेलं असणारच! प्रत्यक्षात त्या बिचाऱ्यानं फक्त खोकलेलं असतं. श्वसनाच्या गंभीर आजारांवर लक्ष ठेवायला जागतिक आरोग्य संघटनेची जी व्याख्या वापरतात, तिच्यात काय आहे? खोकला, ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, निदान ताप येऊन गेल्याचं रुग्णानं सांगितलेलं, सगळं गेल्या १० दिवसांत सुरू झालेलं आणि दाखल करण्याइतपत वाढलेलं. साध्या फ्लूच्या हंगामात या जाळ्यात कितीतरी जण सापडतील. सापडावेत म्हणूनच ते मोठं टाकलेलं असतं. निवडायचं काम पुढे प्रयोगशाळेत होतं. तुम्ही निवडणं संपेपर्यंत थांबू नका. संशयितांची फक्त बेरीज करायची, वजाबाकी करायची नाही. चार दिवसांनी सगळ्यांचे अहवाल निगेटिव्ह आले तर ‘दाबलं’ एवढा एकच शब्द लिहा. पॉझिटिव्ह आला तर ‘लपवलं होतं’ लिहा. दोन्ही शब्द मोबाइलमध्ये आधीच टाइप करून ठेवले तर वेळ वाचतो.

प्रयोगशाळेचं गणित जरा समजून घ्या, म्हणजे गैरसमज नेमका कुठे करून घ्यायचा ते कळेल. नाकातला किंवा घशातला स्वॅब घेतात आणि आरटी-पीसीआर करतात. त्यात आधी कळतं की इन्फ्लुएंझा (म्हणजे फ्लू) ‘ए’ प्रकारचा आहे की नाही. असला तर पुढची पायरी: माणसांत नेहमी फिरणारे ‘ए’चे उपप्रकार एच१ आणि एच३, यांपैकी कोणता? दोन्ही नसतील तर मात्र डोळे उघडतात आणि नमुना संदर्भ प्रयोगशाळेकडे जातो. बर्ड फ्लू ‘ए’मध्येच मोडतो, पण नेहमीच्या फ्लूतही ‘ए’ येतोच, म्हणून तुमची अचूक वेळ पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मधली. ‘ए निघाला!’ एवढं ऐकलं की लगेच पुढे पाठवा. मात्र जपून, ही फट बुजवायचे उद्योग चालू आहेत. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की, दाखल रुग्णात ‘ए’ सापडला तर त्याचा उपप्रकार शक्यतो २४ तासांत शोधा. अफवेला पुरते दोन दिवससुद्धा मिळू द्यायचे नाहीत, हा अन्यायच आहे.

त्यामागे औषधाचं कारण आहे म्हणतात. ओसेल्टामिविर लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिलं तर जास्त उपयोगी पडतं. म्हणून तुम्ही पहिले तीन दिवस घरीच अंगावर काढा.

तरीही रुग्णालय गाठावं लागलंच, तर तिथे एक आगाऊ प्रश्न येईल: “आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांशी संपर्क आला होता का?” प्रश्न पुरा व्हायच्या आत “छे!” म्हणा. चेहऱ्यावर अपमान दिसू द्या. कोंबड्यांचं खुराडं साफ केलं, तलावाकाठी मरून पडलेलं बदक उचलून बाजूला टाकलं, हे घरचं बोलणं. ते परक्यांना कशाला? हल्ली हे लोक गाईगुरांबद्दलही विचारतात, कारण मार्च २०२४ मध्ये बर्ड फ्लूचा हाच विषाणू, एच५एन१, अमेरिकेतल्या दुभत्या गाईंमध्ये सापडला आणि गोठ्यात काम करणाऱ्यांना त्याची लागण झाली. त्यांच्यातल्या बहुतेकांचा आजार सौम्य होता, कित्येकांचे नुसते डोळे लाल झाले. लाल डोळ्यांवर काळा चष्मा उत्तम.

आकडे टाळू नका, फक्त एका वेळी एकच वापरा. २००३ पासून जगभरात माणसांमध्ये एच५एन१ची ९००हून अधिक प्रकरणं नोंदली गेली आणि त्यातले जवळजवळ निम्मे रुग्ण दगावले. घाबरवायचं असेल तर ‘निम्मे’ सांगा. धीर द्यायचा असेल तर ‘वीसेक वर्षांत, अख्ख्या जगात, जेमतेम हजाराच्या आसपास’ असं सांगा. दोन्ही एका वाक्यात आले की ऐकणारा विचार करू लागतो, ते बरं नव्हे. तिसरीही एक भानगड आहे. सौम्य आजाराची माणसं सहसा रुग्णालयात येत नाहीत, आली तरी सगळ्यांची तपासणी होत नाही. म्हणजे हे ‘निम्मे’ सापडलेल्यांपैकी निम्मे. खरं प्रमाण कळायला आणखी शोधावं लागेल. आणि शोधायलाच तर आपला विरोध आहे! त्यामुळे ही तिसरी गोष्ट वगळलेली बरी.

हाँगकाँगचं उदाहरण कुणी दिलं तर विषय बदला, कारण ते फार अडचणीचं आहे. मे १९९७ मध्ये तिथे तीन वर्षांचा एक मुलगा दगावला. त्याच्या नमुन्यात इन्फ्लुएंझा निघाला, पण तो ओळखीच्या कुठल्याच प्रकारात बसेना. कुणीही शहाण्या माणसानं ‘फ्लू’ असं लिहून कागद फाईलला लावला असता. तिथल्या लोकांनी मात्र नमुना परदेशी प्रयोगशाळांकडे पाठवला. ऑगस्टमध्ये उत्तर आलं: एच५एन१, माणसात पहिल्यांदाच. नोव्हेंबरपासून आणखी रुग्ण येऊ लागले तेव्हा काय शोधायचं ते तिथल्या लोकांना आधीच ठाऊक होतं. एकूण १८ रुग्ण, ६ मृत्यू. डिसेंबरअखेर शहरातल्या दहा लाखांहून जास्त कोंबड्या मारल्या आणि ती साखळी तुटली. एका लहान मुलाचा नमुना कुणीतरी उगाच चिकाटीनं धरून बसलं, म्हणून हे सगळं घडलं. अशा चिकट माणसांपासून रुग्णालयांना वाचवायला हवं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करतो. लोकांना घाबरवण्यात आपण नवशिके आहोत. खरं प्रभुत्व अधिकृत निवेदनाचं. ‘नागरिकांनी घाबरून जाऊ नये’ हे वाक्य कुणी घाबरायच्या आधीच प्रसिद्ध होतं. किती नमुने घेतले, किती तपासले, किती बाकी आहेत, हे त्यात नसतं. रुग्णाचं वय, पेशा आणि राहण्याची जागा मात्र अशी सांगतात की नाव न सांगताही शेजाऱ्यांना घर सापडावं. मग पुढच्या वेळी शेजारी खोकतच नाही, निदान रुग्णालयाच्या आसपास तरी नाही. टोपली विणण्यात आपण एकटे नाही, याचा आनंद वाटतो.

देशांचंही तसंच. माणसात नवा इन्फ्लुएंझा सापडला तर २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवावं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जो कळवतो त्याची बातमी होते. जो शोधतच नाही त्याचा नकाशा स्वच्छ राहतो, आणि तो नकाशा पाहून आपण म्हणतो, “बघा, तिकडे कसं काही नाही!”

आणि हो, हा विषाणू अजून माणसाकडून माणसाकडे सहजासहजी पसरत नाही. त्याला चिकटायला लागणाऱ्या जागा आपल्या नाकाघशात कमी आणि फुप्फुसात खोलवर जास्त असतात, हे त्याचं एक कारण. यात फरक पडला तर त्याचा पहिला सुगावा बहुधा वॉर्डातल्या त्या स्वॅबमध्येच लागेल. हे वाक्य वाचलं नाहीत तरी चालेल, कंटाळवाणं आहे.

एवढी तयारी झाली की एखाद्या रात्री घरातलंच कुणीतरी तापानं फणफणेल, श्वास लागेल, आणि तुम्ही रुग्णालयाच्या खिडकीवर हात आपटत विचाराल, “आमची तपासणी अजून का नाही केली?” आवाज चढवूनच विचारा. मागे रांगेत कालचे सगळे विरोधक उभे असतील, त्यांनाही ऐकू गेलं पाहिजे. आणि टोपलीखालून आरवल्यासारखं वाटलं, तर घरी गेल्यावर टीव्हीचा आवाज थोडा वाढवा.