पेयोटे आणि आयाहुआस्का एक नव्हेत
भास घडवणाऱ्या वनस्पतींवरच्या लेखात ही दोन्ही एकाच माळेत ओवलीत, ते खटकलं. पेयोटे हे मेक्सिकोतलं बिनकाट्यांचं निवडुंग. त्यातल्या मेस्कलिन या भास घडवणाऱ्या द्रव्याचा अंमल 10-12 तास राहतो. आयाहुआस्का हा अ‍ॅमेझॉनच्या जंगलातली एक वेल आणि दुसऱ्याच झाडाची पानं उकळून केलेला काढा. पानांतलं डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य नुसतं पोटात गेलं तर तिथेच विरून जातं. वेलीतली द्रव्यं ते टिकवतात, म्हणून चार-सहा तास असर होतो. केवढं हे निरीक्षण तिथल्या आदिवासींचं! पण तीच द्रव्यं नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर जिवावर बेतू शकतात. मी दादरला औषधांच्या दुकानात बसते, त्या गोळ्यांच्या स्ट्रिपा रोज माझ्याच हातून जातात. संपादकांनी एवढी एक ओळ तरी लेखात घालावी.