किलवर तिर्री, चौकट दुर्री आणि ताईकडे आलेला फॉरवर्ड

परवा रात्री पावणेअकराला ताईचा फोन. एवढ्या उशिरा ती फोन करते म्हणजे कोणीतरी गेलं असणार, म्हणून मी उठूनच बसलो. तर म्हणते, "तू अकरा वर्षं त्या फिलिपिनो लोकांत काढलीस ना? मढ्याशेजारी बसून जुगार खेळतात म्हणे ते. खरं का रे?"

गेलं कोणीच नव्हतं. फॉरवर्ड आला होता.

भाचा पुढच्या महिन्यात सिंगापूरला जहाज पकडतोय. पहिलंच जहाज. क्रूमध्ये दोन-तीन भारतीय, बाकी बहुतेक फिलिपिनो. ही बातमी नातेवाइकांच्या ग्रुपवर गेली आणि दोन दिवसांत कोणीतरी 'फिलिपिन्सचा पुसोय दोस : थक्क करणारी माहिती' चिकटवलं. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. तुमच्याकडे आला नसेल तर त्यातला ऐवज असा: पुसोय दोस हा हजारो वर्षांपूर्वीचा फिलिपिनी पत्त्यांचा खेळ आणि त्या देशाचा राष्ट्रीय खेळ. ही त्यांची रमीच, सीक्वेन्स लावायचे आणि डिक्लेअर करायचं. चौकटच्या तिर्रीने सुरुवात, इस्पिकची दुर्री सर्वात मोठी. एकदा पास म्हणालात की त्या हातातून बाद. आणि शेवटी ठळक अक्षरांत: हे लोक घरात प्रेत ठेवून त्याच्या शेजारी रात्र-रात्र जुगार खेळतात, मेलेल्याचीही लाज नाही, आपल्या मुलांना त्यांच्या टेबलावर बसू देऊ नका.

मी जहाजाच्या इंजिनरूममधला मोटरमन होतो, पंडित नव्हे. पण हा खेळ मी मेसरूममध्ये जेवणानंतर शेकडो वेळा खेळलोय, आणि त्यात भरपूर हरलोय. त्यामुळे एवढं बोलायचा हक्क मला आहे.

हजारो वर्षांचं आधी उरकून टाकू. 'दोस' म्हणजे स्पॅनिशमध्ये दोन. तिथल्या तागालोग भाषेत दोनला 'दालावा' म्हणतात. पत्त्यांना ते 'बाराहा' म्हणतात, तो स्पॅनिश 'बाराखा'. एक्क्याला 'आलास', तोही स्पॅनिशच. स्पेनच्या वतीने निघालेला मॅगेलन तिथे पोचला १५२१ मध्ये, स्पॅनिशांनी मनिला घेतलं १५७१ मध्ये. हजारो वर्षांपूर्वीच्या खेळाचं नाव त्या लोकांनी स्पॅनिशमध्ये कसं ठेवलं, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सांगावं. आणि राष्ट्रीय खेळ आर्निस आहे, वेताच्या काठ्यांनी लढायचा. २००९ मध्ये तसा कायदाच झाला, क्रमांक ९८५०. पत्त्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता रमी. इथे लिहिणाऱ्याने तीन खेळांची खिचडी केली आहे. फिलिपिन्समध्ये रमीच्या जातीचा खेळ आहे, पण त्याचं नाव टोंगइट्स. तो तिघांत खेळतात, १२-१२ पानं, वाटणाऱ्याला १३, आणि त्यात खरंच सेट-सीक्वेन्स लावायचे असतात. नुसतं 'पुसोय' म्हटलं तर तो तिसराच खेळ: आपल्या १३ पानांचे तीन, पाच आणि पाच असे तीन गट मांडायचे आणि समोरच्याच्या गटांशी ताडून बघायचे. पुसोय दोस या दोन्हींतला नाही. त्यात पान उचलायचं नसतं, टाकायचं असतं. हातातली पानं जो आधी संपवेल तो सुटला. आपल्याकडच्या कशाच्या जवळ न्यायचाच तर झब्बूच्या जवळ न्या. फक्त इथे कोणी कोणाला झब्बू देऊन पानं गळ्यात मारत नाही.

चौघे बसतात, ५२ पानं, प्रत्येकाला १३. ज्याच्याकडे किलवर तिर्री असेल त्याची पहिली उतारी, आणि त्या उतारीत किलवर तिर्री असलीच पाहिजे. एकटी टाका, जोडीत टाका, पाच पानांच्या गटात टाका. पुढच्याने तितकीच पानं टाकायची, पण वरचढ. एकट्यावर एकटं, जोडीवर जोडी, पाचांवर पाच. जमत नसेल किंवा टाकायचं नसेल तर पास. तिघेही पास म्हणाले की पडलेली पानं बाजूला सारायची आणि ज्याचं पान शेवटी वर राहिलं त्याची नवी उतारी, तो हवं ते टाकेल. पाच पानांचे गट पोकरमधले: सगळ्यात खाली स्ट्रेट (ओळीने पाच पानं), मग फ्लश (एकाच रंगाची पाच), मग फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी), मग चार सारखी पानं आणि जोडीला कुठलंही पाचवं, सगळ्यात वर स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाची ओळीने पाच). खेळ एवढाच. डिक्लेअर वगैरे भानगड नाही.

आणि पानांची चढण आपल्या डोक्याला उलटी वाटते. तिर्री सर्वात लहान, तिथून चढत एक्का, आणि एक्क्याच्याही वर दुर्री. आपण 'काय दुर्री-तिर्री आलीय' म्हणून पत्ते आपटतो ना? तिथे तिर्री आली तर आपटा. दुर्री आली तर चेहरा सरळ ठेवा.

आता चौकट तिर्री आणि इस्पिक दुर्री. इथे फॉरवर्ड अर्धा खरा आहे, आणि हे मला दात-ओठ खाऊन मान्य करावं लागतंय. चौकट सगळ्यात खाली, मग किलवर, मग बदाम, वर इस्पिक, आणि सुरुवात चौकट तिर्रीने, हे नियम खरे आहेत. पण ते याच खेळाच्या चिनी भावाचे, हाँगकाँगकडे जो 'मोठी दुर्री' अशा अर्थाच्या नावाने खेळतात त्याचे. फिलिपिनो टेबलावर रंगांचा क्रम वेगळा: किलवर सर्वात खाली, मग इस्पिक, मग बदाम, आणि चौकट सर्वात वर. माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर जॉन मॅक्लाऊड यांची पॅगॅट ही साइट बघा. जगभरच्या पत्त्यांच्या खेळांचे नियम गोळा करण्यात त्या माणसाने आयुष्य घातलंय, आणि आमच्या जहाजावर नियमांवरून वाद झाला की शेवटचा शब्द तिचा असायचा. 'मोठ्या दुर्री'च्या पानावर हे फिलिपिनी वळण नोंदलेलं आहे.

हा फरक किरकोळ नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकलो. मी आधी फोनवरच्या एका ॲपवर हा खेळ शिकून गेलो होतो, अर्थातच चिनी नियमांनी. हातात इस्पिक दुर्री आली. मनात म्हटलं, आता हे पान कोण मारतोय. शेवटची तीन पानं उरली: इस्पिक दुर्री आणि पंज्यांची जोडी. हिशेब सोपा होता, दुर्री टाकायची, सगळे पास म्हणतील, मग जोडी टाकून सुटायचं. उतारी माझी होती. मी दुर्री टेबलावर जरा जोरातच ठेवली. शेजारच्या फिटरने चहाचा घोट घेतला आणि तिच्यावर बदाम दुर्री ठेवली. मी म्हटलं, हे चालत नाही. समोर बोसन होता, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, फिलिपिन्समधल्या इलोइलोकडचा, पन्नाशीतला, कमी बोलणारा. त्याने माझ्याकडे न बघता बदाम दुर्रीवर चौकट दुर्री ठेवली. मग त्याने एक स्ट्रेट टाकला, त्यावर कोणी काही टाकलं नाही, आणि तो उठून डेकवर गेलासुद्धा. माझी पंज्यांची जोडी हातातच. त्या आठवड्यात मेसमधली भांडी मी घासली. आमच्या कंपनीत पैसे लावायला सक्त मनाई होती, त्यामुळे पैज भांड्यांची.

जोडीचंही तसंच. दोघांकडे नव्व्यांची जोडी असेल तर ज्याच्या जोडीत चौकट नव्वी त्याची मोठी, मग तिच्या सोबत किलवरची का असेना. इस्पिक आणि बदामच्या नव्व्या घेऊन बसणारा खाली. फॉरवर्ड वाचून खेळायला बसलेला माणूस दर हाताला भांडणार.

पास म्हटलं की बाद, हे काही टेबलांवर खरं आहे, काहींवर नाही. काही ठिकाणी त्याच हातात पुन्हा पान टाकता येतं, काही ठिकाणी पुढच्या उतारीपर्यंत गप्प बसायचं. फ्लशवर फ्लश आला तर आधी रंग बघायचा की मोठं पान, यावरही टेबलागणिक वेगळं मत. पानं वाटण्याआधी विचारा, संपलं.

आता मढ्याशेजारचा जुगार. ताईची झोप याने उडाली, आणि माझंही डोकं इथेच फिरलं.

फिलिपिन्समध्ये माणूस गेला की 'लामाय' असतो. आपल्यासारखं काही तासांत उचलून नेत नाहीत. शरीर टिकावं म्हणून त्यात रसायनं भरून, बहुतेक वेळा घरातच, काचेच्या झाकणाच्या पेटीत ठेवतात, तीन दिवस, पाच दिवस, आठवडा, कधी त्याहून जास्त. एवढे दिवस का? कारण घरटी कोणी ना कोणी परदेशात असतं: दुबईत, हाँगकाँगला, जहाजावर. त्यांची वाट बघायची असते. आणि या सगळ्या काळात मेलेल्याला एकटं सोडायचं नाही, रात्रंदिवस कोणीतरी जागं पाहिजे, असा दंडक. घरातली माणसं किती रात्री जागतील? म्हणून शेजारी येतात. त्यांना कॉफी, बिस्किटं, शेंगदाणे. आणि झोप येऊ नये म्हणून अंगणात टेबल मांडून पत्ते.

पैसे लावतात का? लावतात. पण प्रत्येक डावातून एक वाटा बाजूला काढतात, त्याला 'टोंग' म्हणतात, आणि तो दुःखातल्या घराला जातो. पेटी, कबर, आठवडाभराची कॉफी, हा खर्च गरीब घराला एकट्याने झेपत नाही. त्यासाठी पाकिटात घालून पैसेही देतात, त्याला 'आबुलोय'. म्हणजे फॉरवर्डने ज्याला निर्लज्जपणा म्हटलंय तो शेजाऱ्यांनी खर्च वाटून घ्यायचा मार्ग आहे.

आमच्या इंजिनरूममधल्या एका ऑइलरचे वडील गेले तेव्हा आम्ही भर समुद्रात होतो. पुढचं बंदर सहा दिवसांवर. त्याच्या भावांनी लामाय लांबवला. रोज रात्री सॅटेलाइटचं नेट जेमतेम लागलं की तो व्हिडिओ कॉल लावायचा. अंगणात ट्यूबलाइटखाली दहा-बारा माणसं पत्ते खेळताना दिसायची. तो त्यांना नावाने हाक मारायचा, तेही पत्ते धरलेला हात वर करायचे. "ते खेळतायत म्हणजे बाबा एकटे नाहीत," असं मला म्हणाला. उतरून घरी पोचला तो आठव्या दिवशी.

आता तेवढंच खरं सांगायचं तर दुसरी बाजूही आहे. लामायच्या आडून धंदा करणारे आहेत. 'साक्ला' नावाचा स्पॅनिश पत्त्यांचा जुगार तिथे चालतो, आणि बेवारस प्रेत आणून खोटा लामाय मांडल्याच्या बातम्याही आल्यात. पोलीस धाडी घालतात. १९७८ चा हुकूमनामा क्रमांक १६०२ पैसे लावून खेळायच्या बेकायदा खेळांना शिक्षा सांगतो, त्याच्या यादीत पोकर आणि त्यातून निघालेले खेळ आहेत, माहजोंग आहे, 'इतर पत्त्यांचे खेळ' आहेत. म्हणजे त्यांच्या सरकारलाही यातली घाण दिसते. पण घाण दिसते म्हणून तिथल्या प्रत्येक शेजाऱ्याला निर्लज्ज म्हणायचं असेल, तर मग आपण कोण? लक्ष्मीपूजनाच्या रात्री तीनपत्ती कोण खेळतं? आमच्या गावात गणपतीत रात्र जागवायला पत्ते लागतातच, आणि मखरासमोर बसून मेंढीकोट खेळताना माझ्या आजोबांनी चार आणे लावलेले मी पाहिलेत. त्यावर मनिलात कोणी 'हिंदू देवासमोर जुगार खेळतात' असा फॉरवर्ड काढला तर ताईच्या ग्रुपवर काय पेटेल, विचार करा.

आणि 'मुलांना त्यांच्या टेबलावर बसू देऊ नका' म्हणे. जहाजावरच्या खलाशांत फिलिपिनो जगात सगळ्यात जास्त असणाऱ्यांत मोडतात, २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मोजणीत पहिल्या पाचांत ते आणि आपण दोघेही होतो. भाच्याने त्यांच्याबरोबर बसायचं नाही तर बसायचं कुठे, इंजिनवर? पहिल्या जहाजावरचं पोर जेवून केबिनचं दार लावून घेतं, फोनला नेट नसतं, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याला रडू येतं. मला आलं होतं. दार ठोठावून "पत्ते येतात का?" असं विचारणारा तो बोसनच होता.

हे सगळं ताईला फोनवर सांगता सांगता साडेबारा झाले. तिला निम्मं पटलं. निम्म्यासाठी रविवारी तिच्याकडे गेलो, पत्त्यांचा जोड घेऊन. ती, भावोजी, भाचा आणि मी. किलवर, इस्पिक, बदाम, चौकट असा क्रम कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून मधे ठेवला. चौथ्या डावात ताईला चौकट दुर्री आली हे तिच्या चेहऱ्यावरूनच आम्हा तिघांना कळलं. मोठं पान आहे म्हणून तिने ते धरून ठेवलं, धरून ठेवलं, आणि भाचा छक्क्यांच्या जोडीवर सुटला तेव्हा ते तिच्या हातातच होतं.

ताईचं म्हणणं, पत्ते नीट पिसले नव्हते.