‘राउटर तीन दिवस अडवून ठेवला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. एक स्टार, आणि खाली लिहिलंय, ‘राउटर तीन दिवस अडवून ठेवला, काहीही न करता परत दिला, वर नवीन घ्या म्हणाले. विकताना गोड बोलतात, नंतर हात वर.’ इतके दिवस तुमच्या घरी नेट नव्हतं आणि मधे आम्ही साधा फोनही केला नाही, त्याबद्दल माफी मागतो. फोन करायला हवा होता.

पण ‘काहीही न करता’ हे मनाला लागलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचा रिव्ह्यू चार लोक वाचतात, आणि आमचं पोट याच कामावर आहे.

राउटर आला सोमवारी संध्याकाळी सातला, गेला गुरुवारी सकाळी साडेदहाला. म्हणजे पुरते तीन दिवसही नाहीत, पण असो. तुमची तक्रार होती की बँकेची साइट उघडली की भलतंच पान येतं, फोनवरही आणि लॅपटॉपवरही. दोन्हीकडे तेच म्हटल्यावर संशय राउटरवरच जातो. डीएनएस बघितला. साइटचं नाव टाकलं की तिचा खरा पत्ता कुठला ते सांगतो तो डीएनएस, आणि तिथले दोन्ही नंबर कुणीतरी बदललेले होते. तुमच्या घरातल्या प्रत्येक फोनला पत्ता सांगायला परकाच माणूस बसला होता. आम्ही रीसेट केलं, लांबलचक नवा पासवर्ड टाकला, रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून राउटरच्या सेटिंग बदलायची सोय, बंद केलं, नंबर नीट भरले. वीस मिनिटांचं काम. तेव्हाच तुमच्या हातात दिला असता तर आज कदाचित पाच स्टार असते.

दिला नाही, कारण असा राउटर रात्रभर आमच्या लाइनवर चालू ठेवून बघायची मला सवय आहे. मंगळवारी सकाळी तेच दोन परके नंबर परत हजर. मग मोबाइलच्या डेटावरून, म्हणजे बाहेरच्या माणसाच्या जागी बसून, राउटर तपासला. सेटिंगमध्ये बंद दिसणारा पोर्ट, म्हणजे आत शिरायचं दार, बाहेरून सताड उघडा. ‘बंद’समोरची ती टिक नुसती दाखवायची. हे सेटिंग बदलून जाणारं दुखणं नव्हे. भोक फर्मवेअरमध्ये, म्हणजे राउटरच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि ते बुजवायचं तर ज्या कंपनीने राउटर बनवला तिनेच अपडेट द्यायला हवं.

मंगळवार आणि बुधवार त्यातच गेले. खालचं लेबल घासून गेलेलं होतं. एकाच मॉडेलच्या नावाने कंपन्या व्हर्जन १, २, ३ काढतात, खोकं सारखंच दिसतं, आतली चिप वेगळी. चुकीचं फर्मवेअर चढवलं की राउटरची वीट होते. म्हणून स्क्रू काढले आणि टॉर्च लावून बोर्डावरचा नंबर वाचला. कंपनीच्या साइटवर त्या व्हर्जनचं शेवटचं फर्मवेअर तुम्ही राउटर घेतलात त्याच्याही आधीचं. कंपनीच्या सपोर्टकडे लेखी तक्रार टाकली. बुधवारी दुपारी उत्तर आलं: मॉडेल एंड ऑफ लाइफ झालंय, यापुढे अपडेट येणार नाही, ग्राहकाने नवीन मॉडेल घ्यावं.

सर, ‘नवीन घ्या’ हे शब्द त्यांचे आहेत. मी फक्त निरोप दिला. ते उत्तर तुम्हाला दाखवायला हवं होतं, तुम्ही घाईत होतात आणि माझ्याही लक्षात राहिलं नाही.

बुधवारी रात्री शेवटचा प्रयत्न म्हणून ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे कंपनीच्या फर्मवेअरच्या जागी घालायचं फुकटातलं दुसरं फर्मवेअर, बसतं का बघितलं. कंपनीने सोडून दिलेले कितीतरी राउटर त्याच्यावर वर्षानुवर्षं सुरक्षित चालतात. पण तुमच्या राउटरची फ्लॅश, म्हणजे फर्मवेअर साठवायची जागा, ४ एमबी आणि रॅम ३२ एमबी. ४ एमबी म्हणजे हल्लीच्या फोनमधला जेमतेम एक फोटो. एवढ्याशा जागेसाठी १९.०७ नंतरची आवृत्ती ते लोक काढतच नाहीत. तिथेही वाट संपली. या सगळ्याचा एक पैसा घेतला नाही, ते रिव्ह्यूत आलं नाही.

‘विकताना गोड’ म्हणालात, त्यावरही बोलतो. तुमचाच माल खराब निघाला असं नाही. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०२० मध्ये १२७ घरगुती राउटर तपासले, त्यातल्या ४६ राउटरना अख्ख्या वर्षात एकही सुरक्षा अपडेट मिळालेलं नव्हतं. त्याआधी डिसेंबर २०१४ मध्ये ‘मिसफॉर्च्यून कुकी’ नावाचा दोष जाहीर झाला, निदान १ कोटी २० लाख उपकरणांत. गंमत अशी की ज्यांनी ते सॉफ्टवेअर लिहिलं त्यांनी तो २००५ मध्येच दुरुस्त केला होता. राउटर बनवणारे मात्र नऊ वर्षं जुनीच आवृत्ती आत भरत राहिले. तुमच्या राउटरमधला दोष तोच आहे असं मी म्हणत नाही, जातकुळी तीच.

आणि सपोर्टचं घड्याळ तुमच्या बिलाच्या तारखेपासून चालत नाही. वॉरंटी वेगळी, अपडेट वेगळं. अपडेट किती वर्षं मिळणार हे खोक्यावर लिहिलेलंच नसतं. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून ते सांगणं आणि सगळ्यांना एकच ठरलेला पासवर्ड न देणं कायद्याने बंधनकारक झालं. युरोपियन युनियनचा तसा कायदा डिसेंबर २०२७ मध्ये पुरता लागू होईल. बाकी बऱ्याच ठिकाणी विकणाऱ्यालाच शोधत बसावं लागतं. तुम्हाला दिलं तेव्हा ते मॉडेल जुनं झालेलं होतं आणि आम्ही शोधलं नाही, हे मान्य करतो.

एक मात्र सांगायलाच हवं. बसवताना मी स्वतः पासवर्ड बदलून राउटरखाली पिवळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवला होता. चिठ्ठी अजून तिथे आहे, अक्षर माझंच. पण राउटर आमच्याकडे आला तेव्हा पासवर्ड अॅडमिन-अॅडमिन होता आणि रीसेटच्या भोकाभोवती टाचणीचे ओरखडे होते. कुणी दाबलं ते विचारत नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने नाव-पासवर्डच्या अशाच साठेक ठरलेल्या जोड्या वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, म्हणून बोललो. तुमचं नुकसान त्यामुळेच झालं असंही म्हणत नाही, सोमवारच्या रात्री तर पासवर्ड नवा होता. पण सगळं खापर आमच्यावर नको.

यापुढे विकण्याआधी सपोर्ट कुठवर आहे ते शक्यतो बघून सांगत जाऊ, फोनही करत जाऊ.

रिव्ह्यू बदला असं म्हणणार नाही. मात्र तो राउटर परत लावला असेल तर त्याच्यावरून बँकेचं काम करू नका, मोबाइल डेटा वापरा, आणि बँकेचा पासवर्ड दुसऱ्या कनेक्शनवरून बदलून घ्या. आणखी एक, उघडताना काढलेल्या चारपैकी एक स्क्रू आमच्याकडेच राहिलाय. पाकिटात घालून वर तुमचं नाव लिहून ठेवलाय.