हात गार पडले म्हणून पळणं सोडू नका

डिसेंबर लागला की साताऱ्यातल्या पळणाऱ्यांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चार जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: "थंडीत पळताना हात गार पडणे हे हृदय कमजोर असल्याचे लक्षण आहे. निघण्यापूर्वी तळहातांना कापराचे तेल किंवा बाम चोळा. एकावर एक दोन घट्ट सुती हातमोजे घाला. मुठी आवळून पळा. घाटात जाऊ नका, वर गारठा जास्त. घरी आल्यावर लगेच हात शेकोटीवर धरा."

हा वाचून आमच्यासोबत शाहू स्टेडियमवर येणाऱ्या एका काकूंनी येणंच बंद केलं. वय 58, गुडघे सांभाळत सांभाळत पाच किलोमीटरपर्यंत पोचलेल्या. बोटं रोज गार पडतात म्हणजे आपलं हृदय गेलं, असं त्यांनी मनाशी धरलं आणि घरात कुणाला न सांगता पंधरा दिवस धास्तीत काढले. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी हृदयाचं बघू. डाव्या हाताने उजव्या कोपराखालचा भाग धरा आणि उजव्या हाताची बोटं हलवा. हालचाल कुठे जाणवते? बोटं ओढणारे मोठे स्नायू तिथे आहेत, बोटांपर्यंत फक्त त्यांच्या दोऱ्या जातात. खुद्द बोटांत ती हलवणारा एकही स्नायू नाही. पळताना ऊब तयार होते ती मांड्या-पोटऱ्यांत, आणि बोटांना ती मिळते रक्तातून. शरीराला आतलं तापमान 37 अंशांच्या आसपास राखायचं असतं. बाहेर गारठा जाणवला की ते सर्वांत आधी हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि रक्त आत वळवतं. म्हणजे बोटं गार पडणं हे शरीर आपलं काम चोख करत असल्याचं चिन्ह आहे. अंग तापलं, आत उष्णता शिलकीत पडू लागली की त्याच वाहिन्या पुन्हा उघडतात. दहा-पंधरा मिनिटांनी हात आपोआप गरम होतात ते यामुळेच.

यातूनच उपायही निघतो, आणि मेसेजमध्ये नेमका तोच नाही: हात गरम ठेवायचे तर आधी धड आणि दंड झाका. मी दोन हिवाळे अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट आणि महागाचे हातमोजे घालून साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढलो, तरी बोटं बधिर. तिसऱ्या वर्षी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, वर पातळ विंडचीटर आणि साधे हातमोजे घातले. समर्थ मंदिर मागे पडेपर्यंत हात उबदार झाले होते. घरातून निघतानाच हात गरम असू द्या, जिन्यात दोन-चार चकरा मारा. एकदा आवळलेल्या वाहिन्या उघडायला वेळ लागतो.

मात्र एक गोष्ट खरोखर तपासून घ्यावी. थोड्याशा गारव्यानेही बोटं चुन्यासारखी पांढरी पडत असतील, मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकत असतील, तर त्याला रेनॉडचा त्रास म्हणतात. मॉरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरने 1862 मध्ये त्याचं वर्णन केलं. तो बायकांत जास्त आढळतो आणि बहुतेक वेळा साधाच असतो, पण डॉक्टरांना दाखवावा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हात गार पडतात. मनाने गोळी बंद करू नका, विचारा. हृदयाची काळजी करायची ती पळताना छातीत दडपलं, दम नेहमीपेक्षा जास्त लागला किंवा चक्कर आली तर. काकूंना यातलं काहीच नव्हतं. तरी त्यांनी तपासून घेतलं, आणि सगळं ठीक निघालं.

बाम आणि कापराच्या तेलाचं थोडक्यात. कापूर, मेंथॉल कातडीतल्या नसांना चेतवतात, त्यामुळे वेगळं वाटतं. बोटांत ऊब वाढत नाही. त्याच हाताने घाम पुसताना डोळे चुरचुरतात ते वेगळंच.

घट्ट मोजे तर नकोच. ऊब धरून ठेवते ती मोज्यातली हवा. घट्ट मोज्यात हवेला जागा उरत नाही, शिवाय बोटं आवळून रक्तही कमी जातं. सुती कापड घामाने भिजलं की आणखी पंचाईत, कारण पाणी हवेच्या साधारण 25 पट वेगाने उष्णता ओढून नेतं. माण-खटावचा मेंढपाळ पावसातही घोंगडं पांघरतो, सुती चादर नाही. ओली लोकर बरीच ऊब राखते, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. सगळी बोटं एकत्र राहतील असा मोजा सर्वांत उबदार, कारण बोटं एकमेकांना तापवतात. तो मिळाला नाही तर जुने लोकरी पायमोजे हातांत घाला. दिसायला कसेही दिसोत, काम करतात, आणि गरम झालं की कमरेला खोचता येतात.

मूठ आवळून पळू नका. त्याने हातापासून खांद्यापर्यंत ताण चढतो. बोटं अलगद मिटलेली ठेवा. हातात मोबाईल किंवा स्टीलची बाटली तर नकोच, धातू हाताची ऊब शोषून घेतो.

घाटाबद्दलचा मुद्दा आपल्याकडे उलटा पडतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि नदीकाठी साचते. त्यामुळे माहुलीच्या कृष्णा-वेण्णा संगमावर धुकं आणि हुडहुडी असते, तेव्हा यवतेश्वरच्या मधल्या वळणांवर अंगाला मऊ हवा लागते. वर कासच्या रस्त्याला मात्र वारा सुटलेला असतो. आणि खरा गारठा परतीच्या उतारावर गाठतो. चढताना अंग भट्टीसारखं तापलेलं असतं. उतरताना कष्ट कमी, वेग जास्त, कपडे घामाने ओले. ताशी 12 किलोमीटरने उतरलात तर हवा स्तब्ध असली तरी तेवढाच वारा तोंडावर येतो. माझी बोटं आजवर बधिर झाली ती जवळजवळ नेहमी उतरताना. म्हणून चढताना घाम फुटायच्या आधी विंडचीटर काढून कमरेला बांधा आणि माथ्यावरून वळायच्या आधी पुन्हा चढवा. बोटं तरीही आखडली तर दोन्ही हात खांद्यातून पूर्ण गोल, जोरात वीस-पंचवीस वेळा फिरवा. रक्त बोटांच्या टोकाकडे ढकललं जातं.

तंबाखू किंवा मशेरी लावून पळायला येणाऱ्यांना आणखी एक सांगतो, तंबाखूतलं निकोटिन बोटांतल्या याच रक्तवाहिन्या आवळतं. मेसेजमध्ये हे असायला हवं होतं.

राहिली शेकोटी. बधिर बोटांना चटका कळत नाही, फोड येतो तेव्हाच समजतं. साताऱ्यात पहाटे पारा 10-12 अंशांच्या आसपास उतरतो. एवढ्यात बोटं गोठत नाहीत, त्यामुळे घाई कसलीच नाही. आधी ओले कपडे बदला, हात काखेत धरा किंवा कोमट पाण्यात घाला. पाणी आधी कोपराने पाहा, बोटांनी नको. मग चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसा.