अमिगाला मोजता येईल एवढंच

कमोडोर कंपनीच्या १९९२ सालच्या अमिगा १२०० या घरगुती संगणकात हार्ड डिस्कच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश हे मेमरी कार्ड बसवणं म्हणजे दहा मिनिटांचं काम, असं छातीठोकपणे सांगणारी माणसं भेटतात. त्यांना कुठल्याही लग्नाचा मुहूर्त विचारू नये, असं माझं मत आहे.

दहा मिनिटं झाकणच खातं. तळाचे स्क्रू काढले तरी झाकण झटक्यात उचलायचं नाही, कारण दिव्यांची वायर खाली बोर्डाला जोडलेली असते. कीबोर्डची पट्टी तर नुसतं पातळ प्लॅस्टिक. आधी सॉकेटची कॉलर वर सरकवायची, मग पट्टी अलगद सुटते. ओढाताण केली की काही अक्षरं कायमची रजेवर जातात.

आत अडीच इंची हार्ड डिस्कसाठी ऐसपैस जागा. त्यात हे कार्ड रिकाम्या मंगल कार्यालयात एकटा भटजी बसावा तसं दिसतं. अडॅप्टर ४४ पिनांचा, २ मिलिमीटर अंतराचाच हवा. डेस्कटॉपचा ४० पिनांचा इथे बसत नाही. ५ व्होल्टही याच पिनांतून येतात, म्हणजे वेगळ्या वायरीची कटकट नाही. पण बोर्डावरच्या पिनांना कडं नसतं, त्यामुळे कनेक्टर एक ओळ सरकून बसला तरी तो छान बसल्यासारखाच वाटतो. केबलची लाल कड पिन १ कडे ठेवायची आणि वीज देण्याआधी टॉर्च मारून एकही पिन बाहेर राहिली नाही ना, ते बघायचं. अडॅप्टरच्या पाठीवरची सोल्डरची टोकं खालच्या पत्र्याला टेकू नयेत म्हणून कॅप्टॉन टेप, म्हणजे वीज अडवणारी चिकटपट्टी, लावायची.

खरी गंमत पुढे. बाजारात ६४ जीबीचं कार्ड सहज मिळतं, म्हणून तेच घ्यावंसं वाटतं. मूळ किकस्टार्ट ३.० ला, म्हणजे अमिगाच्या चिपमध्येच असलेल्या सिस्टिम सॉफ्टवेअरला, ४ जीबीपलीकडचं मोजता येत नाही, कारण पत्ता ३२ बिटांचा. त्यापलीकडे लिहायला गेलं की तो तक्रार करत नाही. मुकाट्याने गोल फिरून कार्डाच्या सुरुवातीला येतो आणि तिथे कार्डाच्या विभागांच्या (पार्टिशनच्या) ज्या नोंदी असतात, त्यांच्यावरच लिहून मोकळा होतो. म्हणून ४ जीबीचंच कार्ड घ्यावं. कंपन्या गीगाबाइट हजाराच्या हिशेबाने मोजतात, त्यामुळे ते या मर्यादेच्या जरा आतच भरतं. ग्राहकाला कमी माप मिळाल्याचा आनंद व्हावा, असे प्रसंग विरळाच.

त्यातही एक विभाग २ जीबीहून मोठा केला, तर काही प्रोग्रॅम शिल्लक जागा उणे दाखवतात आणि इन्स्टॉलर जागा नाही म्हणून हटून बसतो. सिस्टिमला ५०० एमबी, उरलेल्याचे दोन सारखे भाग, एवढं पुरे. फॉरमॅट करताना ‘क्विक’च निवडायचं, नाहीतर तासन् तास बसा.

कार्डाचे विभाग पाडणाऱ्या एचडीटूलबॉक्स या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक विभागाचं मॅक्सट्रान्सफर, म्हणजे एका दमात किती डेटा हलवायचा ती मर्यादा, ०x१एफई०० करायला विसरू नये. म्हणजे एका वेळी डेटाचे २५५ तुकडे (सेक्टर). ते राहिलं तर लहान फायली गुणी बाळासारख्या वागतात आणि मोठ्या गुपचूप खराब होतात. कळतं ते नेमकं सगळं बसवून झाल्यावर.

कार्डावर ‘सेकंदाला १६० एमबी’ छापलेलं असतं. इथे फार तर दोन-तीन मिळतील. वरचे पैसे वाचवा.

काही कार्डं सुरुवातीला जागी व्हायला वेळ लावतात, तोवर अमिगा वाट पाहून कंटाळतो. मग कंट्रोल आणि दोन्ही अमिगा कळा एकत्र दाबायच्या. दुसऱ्या हाकेला कार्ड ओ देतं. रोजच असं व्हायला लागलं तर कार्ड बदलावं, केबलला शिव्या देऊ नयेत.