‘जसे आहे तसे’ लिहिले म्हणून सुटका नाही

एक मेसेज फिरतोय : धंदा विकताना करारात ‘जसे आहे तसे’ लिहिले की पुढे काहीही निघो, विकणारा मोकळा. हे चूक आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 17 नुसार खोटे आहे हे ठाऊक असूनही खरे म्हणून सांगणे म्हणजे कपट, आणि कलम 19 नुसार फसलेला खरेदीदार करार रद्द करू शकतो. रोजचा गल्ला दहा हजारांचा सांगितला आणि वहीत निघाले चार, तर ते तीन शब्द कामाला येत नाहीत.

मेसेजमध्ये थोडे तथ्य आहे, तेही सांगतो. नुसते गप्प राहणे एरवी कपट ठरत नाही. आणि विकणाऱ्याने अनवधानाने चुकीचे सांगितले, पण साध्या चौकशीत खरे कळले असते, तर करार रद्द होत नाही. तेव्हा जीएसटीची विवरणपत्रे मागाच, ओळखीचा असला तरी.

मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. 2008 मध्ये झालेल्या रॅनबॅक्सी या औषध कंपनीच्या विक्रीत अमेरिकी चौकशीची माहिती मुद्दाम दडवल्याबद्दल सिंगापुरातील लवादाने 2016 मध्ये खरेदीदार जपानी कंपनी दाइची सांक्योला सुमारे 2,562 कोटींची भरपाई मंजूर केली. ती द्यायची होती विकणाऱ्या सिंग बंधूंनी.