‘ज्याचं त्यानं बघावं’: सायबर नियमांवरच्या एका मेसेजला उत्तर

लातूर-नांदेडकडच्या व्यापारी ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. “सायबर सुरक्षेची सक्ती म्हणजे लहान धंदेवाल्याच्या गळ्याला फास. आमच्या दुकानात हॅकरला काय मिळणार? नियम असूनही कॉसमॉस बँक लुटलीच. उद्या घरच्या मोबाइलवरही दंड लावतील. ज्याचं त्यानं बघावं.”

‘काय मिळणार?’ मोंढ्यातल्या एखाद्या आडतीवर डोकावून बघा. मुनीमजींच्या कॉम्प्युटरमध्ये शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, खातेनंबर, कुणाची किती पट्टी बाकी ते सगळं, आणि पासवर्ड स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला. सोयाबीनच्या हंगामात ही यादी भामट्याच्या हाती लागली तर फोन आडत्याला येत नाही, औशाच्या शेतकऱ्याला येतो: “दादा, तुमची पट्टी अडकलीय, ओटीपी सांगा.” हयगय एकाची, खातं रिकामं दुसऱ्याचं. मग ज्याचं त्यानं बघायचं म्हणजे नेमकं कुणी?

शिवाय हॅकर दुकानाची पाटी वाचून येत नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक सॉफ्टवेअरनं कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले कॅमेरे आणि राउटर ढिगानं ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास आडव्या केल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. ब्रिटननं एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना एकच पासवर्ड देऊन अशी उपकरणं विकायलाच बंदी केली. जबाबदारी बनवणाऱ्यावर नि विकणाऱ्यावर, वापरणाऱ्यावर नाही. मला पटणारी सक्ती ती हीच.

कॉसमॉसचं म्हणाल तर तारखा बघा. पुण्याच्या या बँकेतून सुमारे ९४ कोटी गेले ते ऑगस्ट २०१८ मध्ये. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेची सायबर सुरक्षेची खास चौकट आली त्याच ऑक्टोबरात, म्हणजे चोरीनंतर! पुढं २०१९ अखेरीस तिचे चार स्तर केले: डिजिटल कारभार जितका मोठा तितके नियम कडक. लहान बँकेच्या गळ्याला फास लागू नये याची सोय नियमातच आहे.

घरच्या मोबाइलचा दंड ही तर निव्वळ थाप. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातून घरगुती वापर वगळलाय. २५० कोटींचा जो आकडा दाखवून घाबरवतात, ती वरची मर्यादा आहे; चूक किती गंभीर ते बघून दंड ठरतो.

मेसेजवाल्यांना तक्रारच करायची तर खरी जागा वेगळी आहे. सायबर हल्ल्यांचं काम बघणारी केंद्राची संस्था म्हणजे सर्ट-इन. तिच्या २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ला कळल्यापासून सहा तासांत कळवायचं. सेलूच्या जिनिंगवाल्याला आधी फोन कुणाला लावायचा हेच ठाऊक नसतं. त्याच्यासाठी मुदत वाढवा नाहीतर जिल्ह्याला मदतीला माणूस द्या. आणि त्याच २०२३ च्या कायद्यात देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन केंद्र स्वतःच्या यंत्रणांना सूट देऊ शकतं. व्यापाऱ्याला नियम नि सरकारी खात्याला सूट, यावर मात्र कुणीच मेसेज फिरवत नाही.